दानापूर्वीचा हिशेब : पश्चिम भारतातील सार्वजनिक न्यासांच्या उत्तरदायित्वाचा इतिहास

सार्वजनिक कार्यास द्रव्य देणाऱ्या मनुष्याच्या मनात, ते द्रव्य हातचे सुटण्यापूर्वी, साधारणतः तीन प्रश्न उपस्थित होतात. संस्थेची सांपत्तिक स्थिती कशी आहे, हा पहिला. तिच्या चालकांस हिशेब विचारणारा कोणी आहे काय, हा दुसरा. आणि ज्या उद्देशासाठी द्रव्य मागितले गेले त्याच उद्देशावर ते खर्च होते काय, हा तिसरा. हे तिन्ही प्रश्न परस्परांशी निगडित असले तरी एकरूप नाहीत. भरभक्कम ठेवी असलेली संस्था आपल्या मूळ हेतूपासून ढळलेली असू शकते, आणि हेतूशी पूर्ण प्रामाणिक असलेली संस्था कर्जाखाली दबलेली असू शकते. पश्चिम भारतात १८६० पासून पुढे जी कायद्यांची परंपरा निर्माण झाली तिने यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचा सर्वांत अधिक विचार केला. परंतु ज्याच्या मनात हे प्रश्न प्रथम उद्‌भवतात त्या दात्यास या परंपरेत कोणते स्थान मिळाले, याचा शोध घेतला असता काहीसे अनपेक्षित उत्तर हाती येते.

या परंपरेचा आरंभ १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमापासून धरावयास हरकत नाही. शिक्षण, वाङ्‌मय, शास्त्र व धर्मादाय कार्ये यांसाठी एकत्र आलेल्या मंडळींस कायदेशीर अस्तित्व देणे हा त्याचा हेतू होता. त्यातील एकोणिसाव्या कलमाने कोणाही व्यक्तीस, एक रुपया शुल्क देऊन, निबंधकाकडे दाखल झालेली कागदपत्रे पाहण्याचा अधिकार दिला. ही तरतूद उदार खरी. परंतु प्रतिवर्षी दाखल करावयाचा कागद म्हणजे व्यवस्थापक मंडळाच्या सभासदांची यादी एवढाच होता. वार्षिक जमाखर्च निबंधकाकडे धाडण्याचे बंधन मूळ कायद्यात नव्हते. अर्थात एक रुपया देऊन आत शिरणाऱ्या जिज्ञासूस चालकांची नावे समजत. त्यांनी पैशाचे काय केले हे समजत नसे.

देवस्थानांच्या बाबतीत याच सुमारास निराळा प्रवाह वाहत होता. बंगालमध्ये १८१० च्या व मद्रासमध्ये १८१७ च्या विनियमांनी कंपनी सरकारने धार्मिक दानांवरील देखरेख आपल्याकडे घेतली होती. १८६३ च्या धार्मिक देणग्यांविषयीच्या विसाव्या अधिनियमाने सरकारने या कारभारातून अंग काढून घेतले आणि देखरेखीचे काम स्थानिक समित्यांकडे सोपविले. विश्वस्ताने नियमित हिशेब ठेवावा व समितीने वर्षातून निदान एकदा तो तपासावा, असे तेराव्या कलमात सांगितले होते. मुंबई इलाख्यात हा अधिनियम सरसकट लागू नव्हता. १८६५ मध्ये तो कानडा जिल्ह्यास लावण्यात आला. त्यामुळे महाराष्ट्रातील देवस्थानांच्या हिशेबाचा प्रश्न बव्हंशी अनिर्णीतच राहिला.

हा प्रश्न केवढा जिव्हाळ्याचा होता याचे प्रत्यंतर पुण्यात आले. पर्वतीवरील देवालय नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत १७४९ मध्ये उभारले गेले. पेशवाईच्या अस्तानंतर या संस्थानाच्या व्यवस्थेविषयी पुणेकरांत असंतोष वाढत गेला, आणि त्या असंतोषाची दाद कोणाकडे मागावयाची हे कोणालाच स्पष्ट नव्हते. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभेची स्थापना झाली तिच्या मुळाशी हे एक प्रमुख कारण होते. गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने निघालेल्या या सभेच्या रचनेत एक वैशिष्ट्य आढळते. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम होता. आणि आरंभी पंचाण्णव सभासद सुमारे सहा हजार लोकांच्या वतीने सभेत बसले.

मुखत्यारपत्राची ही योजना सामान्यतः भारतातील प्रातिनिधिक राजकारणाचा उगम म्हणून वर्णिली जाते, व ते योग्यच आहे. परंतु तिचा दुसराही अर्थ आहे. देवस्थानाचा हिशेब मागणाऱ्या मनुष्यास पहिला प्रतिप्रश्न होणार तो असा, की ‘विचारणारे तुम्ही कोण?’ एकट्या भाविकाजवळ या प्रतिप्रश्नाला उत्तर नव्हते. सहा हजारांच्या सह्या जवळ असलेल्या मंडळाजवळ ते होते. पुढे सभेने जमीनमहसूल, दुष्काळ इत्यादी मोठमोठे विषय हाती घेतले. तथापि सार्वजनिक धनाचा हिशेब आणि लोकांचे प्रतिनिधित्व या दोन कल्पना महाराष्ट्रात एकत्रच पुढे आल्या, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

कायद्याचा आधार नसतानाही दात्यांनी स्वतःची देखरेख कशी उभी केली, याचे उदाहरण पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाच्या इतिहासात सापडते. डिसेंबर १८८७ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षेपर्यंत प्रतिवर्षी निदान एक डॉलर देण्याचे वचन देणाऱ्या वर्गणीदारांची मंडळे गावोगाव निघाली. असोसिएशन आपल्या वार्षिक सभांचे अहवाल छापून प्रसिद्ध करीत असे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सदन सुरू झाले व पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. हिंदुस्थानातील सल्लागार मंडळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी माणसे होती.

१८९३ मध्ये जे वादळ उठले ते पैशाच्या अपहाराविषयी नव्हते. संस्थेने धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावे असे ठरले असता सदनातील मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेस उपस्थित राहतात, हा आक्षेप होता. आणि त्यावरून सल्लागार मंडळातील सभासदांनी राजीनामे दिले. असोसिएशनच्या वतीने ज्यूडिथ अँड्र्यूज यांनी हिंदुस्थानात येऊन प्रत्यक्ष पाहणी केली, आणि असोसिएशनने रमाबाईंवरील आपला विश्वास कायम ठेवला. या वादात कोणाची बाजू न्याय्य होती, हा येथील विषय नव्हे. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच, की जमाखर्च चोख असतानाही उद्देशाविषयीचा हिशेब वादग्रस्त ठरू शकतो; आणि तो तपासण्यास आकड्यांचे कागद पुरेसे होत नाहीत. आरंभी सांगितलेला तिसरा प्रश्न पहिल्या दोहोंहून वेगळा का मानावा, हे येथे स्पष्ट होते.

यानंतरचा टप्पा न्यायालयांचा. १८७७ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील ५३९ वे कलम व पुढे १९०८ च्या संहितेतील ९२ वे कलम यांनी असे ठरविले, की सार्वजनिक न्यासात विश्वासभंग झाल्यास दोन किंवा अधिक हितसंबंधी व्यक्तींनी, अ‍ॅडव्होकेट-जनरलची संमती घेऊन, दावा लावावा. हिशेब मागण्यासाठी दावा हा मार्ग खर्चाचा व दीर्घकाळचा होता. म्हणून १९२० च्या धर्मादाय व धार्मिक न्यास अधिनियमाने तो काहीसा सुलभ केला. हितसंबंधी व्यक्तीने न्यायालयाकडे अर्ज करावा आणि न्यायालयाने विश्वस्तास मालमत्तेचे स्वरूप, मूल्य व उत्पन्न यांचा तपशील देण्यास व हिशेब तपासून घेण्यास फर्मावावे, अशी त्यात तरतूद होती. मात्र अर्जापूर्वीच्या तीन वर्षांहून जुना हिशेब त्यात मागता येत नसे. मुसलमान वक्फांसाठी १९२३ मध्ये व पारशी न्यासांसाठी मुंबई प्रांतात १९३६ मध्ये स्वतंत्र कायदे झाले. त्यांत एक नवे तत्त्व दिसते. कोणी तक्रार करो वा न करो, हिशेबाचे विवरण नियमाने सादर झालेच पाहिजे, हे ते तत्त्व होय.

हेच तत्त्व सर्व धर्मांच्या न्यासांना लावण्याचे कार्य मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० याने केले. त्यापूर्वी १९४८ मध्ये न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई सरकारने या विषयाच्या चौकशीसाठी समिती नेमली होती. या अधिनियमाने प्रत्येक सार्वजनिक न्यासाची नोंदणी आवश्यक केली, हिशेब ठेवणे व ते तपासून घेणे बंधनकारक केले, आणि या सर्वांवर धर्मादाय आयुक्तांचे अधिष्ठान बसविले. हिशेबतपासनिसाने ताळेबंद व अहवाल तयार करून त्याची प्रत विश्वस्ताकडे तशीच धर्मादाय कार्यालयाकडे पाठवावी, आणि अनियमित, बेकायदेशीर किंवा अनुचित खर्च, वसूल न केलेल्या रकमा व झालेले नुकसान यांचा त्यात उल्लेख करावा, असे चौतिसावे कलम सांगते. पैसा कोठे गुंतवावा यावर पस्तिसाव्या कलमाने, आणि स्थावर मालमत्ता विकण्यावर छत्तिसाव्या कलमाने मर्यादा घातल्या.

या व्यवस्थेस लौकरच आव्हान मिळाले. एका जैन देवालयाचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी व पारशी पंचायतीचे विश्वस्त यांच्या अपिलांवर सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च १९५४ रोजी निर्णय दिला. धार्मिक मालमत्तेच्या व्यवस्थेचे नियमन राज्यास करता येते, आणि न्यासांकडून घेतले जाणारे अंशदान हा कर नसून देखरेखीच्या सेवेबद्दलची फी आहे, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु धर्मादाय आयुक्तास धार्मिक संस्थेचा विश्वस्त म्हणून नेमण्याची तरतूद, तसेच धार्मिक न्यासाचा निधी त्याच्या मूळ हेतूबाहेर वळविण्याची मोकळीक देणारा भाग त्याने रद्द ठरविला. म्हणजे हिशेब पाहण्याचा राज्याचा अधिकार टिकला, आणि दात्याने ठरविलेल्या उद्देशास संरक्षण मिळाले. दात्याच्या दृष्टीने या निर्णयाचे महत्त्व मोठे आहे.

असे असता या कायद्यात दाता स्वतः कोठे आहे? दुसऱ्या कलमातील ‘हितसंबंधी व्यक्ती’ या संज्ञेची व्याख्या पाहिली असता देवालयाच्या बाबतीत उपासनेस जाणारा, मठाच्या बाबतीत शिष्य, नोंदलेल्या संस्थेच्या बाबतीत सभासद, आणि इतर न्यासांच्या बाबतीत विश्वस्त किंवा लाभार्थी यांचा उल्लेख आढळतो. ज्याने द्रव्य दिले किंवा जो देऊ इच्छितो त्याचे नाव त्यात नाही. याचे कारण कायद्याच्या विचारसरणीत आहे. दान पूर्ण होताच द्रव्यावरील दात्याचा हक्क संपतो व लाभार्थींचा सुरू होतो, ही ती विचारसरणी होय. ती तर्कशुद्ध आहे. पण तिच्यामुळे दात्याची चौकशी दानापूर्वीच व्हावयास हवी हेही ओघाने सिद्ध होते. दानानंतर विचारण्याचा त्याचा अधिकार कायद्याने फारसा गृहीत धरलेला नाही.

सुदैवाने, धर्मादाय कार्यालयासाठी म्हणून जे कागद १९५१ च्या नियमांनी आखून दिले तेच दात्यासही उपयुक्त आहेत. आठव्या अनुसूचीत ताळेबंदाचा व नवव्या अनुसूचीत उत्पन्न-खर्चाच्या पत्रकाचा नमुना आहे. उत्पन्न-खर्चाच्या नमुन्यात आस्थापनेचा खर्च वेगळा व न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च वेगळा दाखवावा लागतो. त्यातही धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांस साहाय्य अशी पोटविभागणी असते. ताळेबंदात कायम निधी व विशिष्ट कार्यासाठी राखून ठेवलेले निधी यांची, तसेच विश्वस्त, नोकर, ठेकेदार इत्यादिकांस दिलेल्या आगाऊ रकमांची निरनिराळी नोंद असते. विश्वस्तांकडील येणे वर्षानुवर्षे तसेच पडून असल्यास त्याचा अर्थ समजण्यास हिशेबशास्त्राचे विशेष ज्ञान लागत नाही.

हिशेबतपासनिसाने कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत याची यादी नियम १९ मध्ये आहे. हिशेब नियमित ठेवले काय, हातची शिल्लक व पावत्या हिशेबाशी जुळतात काय, न्यासाचा पैसा उद्देशाबाहेर खर्च झाला काय, वर्षाहून अधिक काळ थकलेल्या रकमा किती, पाच हजार रुपयांवरील बांधकामास निविदा मागविल्या होत्या काय, अशी ही प्रश्नावली आहे. एखाद्या संस्थेचे तीन-चार वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून वाचले तर एका वर्षी सहज वाटणारा शेरा पुढील वर्षी तसाच पुनरावृत्त झालेला दिसतो काय, हे कळून येते. आणि चालकांची वृत्ती त्यावरून ओळखता येते.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. आस्थापनेच्या खर्चाचे प्रमाण कमी म्हणून संस्था चांगली, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. शाळेचे शिक्षक व रुग्णालयातील परिचारिका यांचे वेतन हाच तेथील कार्याचा गाभा असतो, आणि ते कोणत्या सदरात दाखविले यावर प्रमाण पालटते. दुसरी सूचना अशी, की नोंदणीचा क्रमांक हे संस्थेच्या अस्तित्वाचे प्रमाण आहे, आरोग्याचे नव्हे. अधिनियमाचे नाव पुढे पालटून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम असे झाले, आणि २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने सरकारी कार्यालयांतील कागद सामान्य नागरिकाच्या अधिक आवाक्यात आणले. तरी कागद दाखल होणे आणि तो कोणी वाचणे यांतील अंतर कोणताही कायदा भरून काढू शकत नाही.

१८६० ते १९५४ या कालखंडाचे सार असे सांगता येईल, की हिशेब प्रथम कोणाकडेच नव्हता, मग तो समितीकडे गेला, नंतर न्यायालयापुढे, आणि अखेरीस सरकारी कार्यालयात नियमाने येऊ लागला. पर्वतीच्या प्रकरणात पुणेकरांना ज्या कागदासाठी सहा हजार सह्या गोळा कराव्या लागल्या असत्या तसा कागद आज प्रत्येक नोंदलेल्या न्यासाने प्रतिवर्षी तयार करावयाचा असतो. त्याची मागणी करणे हा संस्थेवरील अविश्वास नव्हे. आणि जी संस्था तो देण्यास टाळाटाळ करते तिच्याविषयी दात्यास हवी असलेली माहिती त्या टाळाटाळीतूनच बरीचशी मिळालेली असते.