पाणबुडी बांधणारे हात

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावरून समुद्र रोज दिसतो; पण त्याच्या पोटातल्या दाबाची कल्पना मुलांना सहज येत नाही. दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. ३०० मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३०० टनांचा भार पडतो. तो पेलण्यासाठी पाणबुडीचे कवच नळकांड्यासारखे गोल करतात. गोलाई अचूक असेल तर भार सगळीकडे सारखा वाटला जातो. थोडी जरी बिघडली तरी तिथे कवच आत दबू लागते. जाड पोलाद वाकवणे, त्याचे सांधे जोडणे, प्रत्येक सांधा क्ष-किरणांनी तपासणे ही कामे केवळ पुस्तक वाचून येत नाहीत.

भारताची पहिली पाणबुडी 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ रोजी नौदलात आली. ती सोव्हिएत संघाकडून घेतलेली होती. बांधणीची विद्या तिकडेच राहिली. डिसेंबर १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीतील कंपनीशी करार झाला. दोन पाणबुड्या कील येथे आणि दोन मुंबईच्या माझगाव गोदीत बांधायच्या होत्या. आपले तंत्रज्ञ जर्मनीत जाऊन काम शिकले. ७ फेब्रुवारी १९९२ रोजी 'शाल्की' नौदलात दाखल झाली. भारतात बांधलेली ही पहिली पाणबुडी. १९९४ मध्ये 'शंकुल' आली आणि काम थांबले. करारावरून वाद उठल्याने पुढच्या दोन पाणबुड्यांचा विचार सोडून दिला गेला होता. पुढचा करार थेट २००५ मध्ये, फ्रेंच कंपनीशी झाला. मधल्या काळात शिकलेली माणसे निवृत्त झाली, इतर कामांकडे वळली. नव्या पिढीला पुन्हा मुळापासून शिकावे लागले.

परक्या कसबावर विसंबण्याची ही अडचण कोकणाला नवी नाही. १६५९ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी भागात जहाजे बांधायला घेतली, तेव्हा रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज आपल्या माणसांसह त्या कामावर होता. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने फितवताच ही मंडळी काम सोडून गेली. पण मराठ्यांनी जहाजबांधणी सोडली नाही. १६७९ मध्ये खांदेरी बेटाला इंग्रजांच्या जहाजांचा वेढा पडला, तेव्हा मराठ्यांच्या लहान होड्या रात्री त्यांना चुकवून बेटावर रसद पोहोचवत होत्या.

त्या बेटाचे नाव आज माझगावात बांधलेल्या एका पाणबुडीला आहे. नव्या सहा पाणबुड्यांपैकी 'कलवरी' २०१७ मध्ये, 'खांदेरी' २०१९ मध्ये आणि शेवटची 'वागशीर' जानेवारी २०२५ मध्ये नौदलात आली. बांधणी आपली असली तरी आराखडा फ्रेंच आहे, हे विसरून चालणार नाही. डिझेल-विद्युत पाणबुडीला बॅटरी भरण्यासाठी पृष्ठभागाजवळ येऊन हवा घ्यावी लागते, आणि तेव्हाच ती शत्रूला सापडण्याची भीती अधिक. हे टाळण्यासाठी अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने इंधन-घटावर चालणारी यंत्रणा तयार केली. मार्च २०२१ मध्ये तिची जमिनीवरील चाचणी यशस्वी झाली.

वर्गात पत्र्याच्या डब्यात थोडे पाणी उकळून, झाकण घट्ट लावून, वरून गार पाणी ओतावे. एका वातावरणाच्या दाबाने डबा चेपतो. मग ३० वातावरणांचा हिशेब मुलांना करू द्यावा. आराखडा विकत मिळतो. पण तो पेलणारे हात एकदा रिकामे बसले की काय गमवावे लागते, तेही त्याच तासाला सांगता येईल.