अणुगर्भातला ऱ्हो

युकावांनी १९३५ मध्ये मेसॉन मांडला तो अणुकेंद्र बांधून ठेवणाऱ्या बलाचा वाहक म्हणून. १९४७ मध्ये ब्रिस्टलच्या पॉवेल गटाला पायॉन हा मेसॉन सापडला, १९६१ मध्ये ऱ्हो हा आणखी एक. ऱ्होचं वस्तुमान सुमारे ७७० एमईव्ही. कोष्टकात एकदा बसलेल्या अशा आकड्याकडे पुन्हा कोण बघतो?

१९९१ मध्ये जेराल्ड ब्राउन आणि मन्नक ऱ्हो यांनी बघितलं. भौतिकशास्त्रज्ञ नांबूंच्या कल्पनेनुसार यातलं बहुतेक वस्तुमान क्वार्कांचं स्वतःचं नाहीच. निर्वातात क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्यांची जी दाटी असते, तिच्यातून ते येतं. अणुकेंद्रात ही दाटी विरळ होते, तेव्हा मेसॉनही हलका व्हायला हवा, असं या दोघांनी मांडलं. पुढच्याच वर्षी हात्सुदा आणि ली यांच्या गणितातून पंधरा-वीस टक्के घट निघाली.

तपासणं मात्र जिकिरीचं. ऱ्हो जन्मल्याजागीच फुटतो, बहुधा दोन पायॉनांत, आणि ते बाहेर पडेपर्यंत धक्के खाऊन सगळी खूण पुसून टाकतात. वीसेक हजारांत एखादाच इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन देतो. त्यांना तीव्र बल शिवत नाही, म्हणून साक्ष त्यांचीच घ्यायची.

१९९५ मध्ये सर्नच्या सेरेस प्रयोगाचा निकाल आला: गंधकाची अणुकेंद्रं सोन्यावर आदळली, तेव्हा वस्तुमानाच्या आलेखात ऱ्होच्या शिखराहून कमी वस्तुमानाच्या भागात अपेक्षेच्या कितीतरी पट इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्या निघाल्या. ब्राउन-ऱ्हो पक्षाला वाटलं, जिंकलो. पण राप, वांबाख आणि शांफ्रे म्हणाले, ऱ्हो हलका झालेला नाही. आजूबाजूच्या कणांशी टकरा होऊन त्याचं शिखर पसरलंय. वाढावा दोन्ही हिशेबांत बसत होता. २००६ मध्ये सर्नच्याच एनए६० प्रयोगाच्या बारकाईच्या मोजणीत शिखर रुंदावलेलं दिसलं, सरकलेलं नाही. जपानच्या केईके प्रयोगशाळेत मात्र वस्तुमानात नऊ टक्के घट निघाली, अमेरिकेच्या जेफरसन लॅबमध्ये जवळजवळ शून्य. मला स्वतःला पसरण्याची बाजू भक्कम वाटते. पण त्यावरून मूळ कल्पना खोटी ठरत नाही: दाटी विरळ होणं एक, आणि त्याच प्रमाणात शिखर सरकणं दुसरं. वादाच्या भरात ही गल्लत बरीच झाली.

दाटीचा पुरावा मिळाला तो पायॉनकडून. जपानच्या रिकेन संस्थेत कथलाच्या अणुकेंद्राला अगदी खेटून फिरणारा ऋण पायॉन किती घट्ट बांधला जातो, हे मोजलं गेलं. २०२३ मध्ये आलेला निकाल असा: अणुकेंद्रातल्या नेहमीच्या घनतेच्या ५८ टक्क्यांवर दाटी ७७ टक्के उरते.

ऱ्होचं भांडण आता फाय या दुसऱ्या मेसॉनकडे गेलंय. त्याचं शिखर मुळात अरुंद, त्यामुळे सरकणं आणि पसरणं वेगळं ओळखायला सोपं. केईकेला त्यात ३.४ टक्के घट दिसली होती. जपानच्याच जे-पार्क प्रयोगशाळेचा ई१६ प्रयोग तीच मोजणी कितीतरी जास्त नोंदी जमवून करायला उभारलाय.