अनाथाचा कैवारी : दहाव्या स्तोत्रावर भाष्य

स्तोत्रसंहितेतील दहाव्या स्तोत्राला मथळा नाही, कर्त्याचे नावही नाही. ग्रीक सप्तति भाषांतर आणि लॅटिन वुल्गाता यांनी नववे व दहावे स्तोत्र एकच धरले आहे, आणि ते साधार आहे, कारण ओव्यांच्या आद्याक्षरांत हिब्रू वर्णमालेचा क्रम दोन्हींमध्ये मिळून गुंफलेला आहे. दहाव्या स्तोत्रात दुर्जनाचे वर्णन सुरू होते तिथे हा क्रम विस्कटतो. बाराव्या ओवीत देवाला उठण्याची विनवणी होते तिथे तो पुन्हा लागतो. काही अभ्यासक याला हस्तलिखितांतील बिघाड म्हणतात, काही कवीची योजना. कारण कोणतेही असो, आज आपल्यापुढे असलेल्या पाठात अन्यायाच्या वर्णनाबरोबर अक्षरांची घडीही मोडलेली आहे.

या स्तोत्रात अनाथाचा उल्लेख दोनदा येतो. चौदाव्या ओवीत देव अनाथाचा साहाय्यकर्ता आहे, अठराव्या ओवीत तो अनाथाला न्याय मिळवून देतो. मदतीपासून न्यायापर्यंत जायला या स्तोत्राला चार ओव्या लागतात. आपत्तीनंतर धावून जाणाऱ्या ख्रिस्ती मंडळींना तेवढे अंतर पुष्कळदा कापता आलेले नाही. म्हणून हे भाष्य २०१० सालचा हैतीचा भूकंप समोर ठेवून लिहिले आहे.

ओवी १ : देव दूर का उभा आहे?

स्तोत्राची सुरुवात तक्रारीने होते. संकटाच्या वेळी देव लपून का राहतो, असे कवी विचारतो. १२ जानेवारी २०१० रोजी संध्याकाळी पाचला काही मिनिटे कमी असताना लेओगान शहराजवळ ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समधले राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान कोसळले, कॅथेड्रल कोसळले, आर्चबिशप मृत्युमुखी पडले. मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही, हैती सरकारने तो दोन लाखांच्या वर सांगितला. बहुसंख्य ख्रिस्ती असलेल्या या देशात पहिल्या ओवीचा प्रश्न लाखो लोकांनी विचारला असेल. पवित्र शास्त्र या प्रश्नाला अश्रद्धा मानत नाही, ते त्याला प्रार्थनेत जागा देते. मुलाने तो विचारला, तर त्याला गप्प करण्याची घाई मोठ्यांनीही करू नये.

याच ओवीत दुसरीही एक गोष्ट दडलेली आहे: संकटाच्या वेळी माणसेही दूर असतात. त्या दिवशी मंत्रालयांच्या इमारती पडल्या, नोंदी ढिगाऱ्याखाली गेल्या, ज्यांनी प्रश्न विचारायचे ते अधिकारीच मेले किंवा बेघर झाले. मुलाला कोण घेऊन चालले आहे, हे विचारणारा त्याच्या जवळ उरला नव्हता.

ओव्या २ ते ६ : गर्विष्ठाचा पाठलाग

इथे गर्विष्ठ माणूस दीनाच्या मागे लागतो आणि आपल्याला कधीच धक्का लागणार नाही, असे मनाशी म्हणतो. या ओव्यांचा रोख नीट ध्यानात घ्यावा. कवी जमिनीला दोष देत नाही, माणसाला देतो. हैतीतल्या मुलांवरचे संकट भूकंपाच्या आधीपासून होते. गरीब खेड्यांतली मुले शहरातल्या घरी कामाला पाठवण्याची, रेस्ताव्हेक म्हणतात ती चाल तिथे जुनी आहे. शिक्षणाच्या आशेने पाठवलेले मूल पाणी भरते, भांडी घासते, शाळेत मात्र जातेच असे नाही. अशा मुलांची संख्या लाखांत सांगितली जाते. भूकंपाने हा उतार आणखी निसरडा केला, एवढेच.

ओवी ७ : जिभेखालचे कपट

दुर्जनाच्या तोंडी फसवणूक असते, असे ही ओवी सांगते. मुलांच्या बाबतीत फसवणूक बहुधा वचनाच्या रूपात येते: शाळा मिळेल, पोटभर अन्न मिळेल, तुम्हाला भेटायला येता येईल. सगळे गमावलेल्या आईला असे वचन नाकारता येत नाही. तिने दिलेला होकार हा खरा होकार आहे का, हे तपासण्याची जबाबदारी वचन देणाऱ्यावर येते.

ओव्या ८ ते १० : दबा आणि जाळे

स्तोत्राचे हे मर्म आहे. शिकारी गावांच्या आसपास आडोशाला बसतो, त्याचे डोळे असहायावर खिळलेले असतात, आणि शेवटी दीन त्याच्या जाळ्यात ओढला जातो. कवी जागा नेमकी सांगतो, ती गावालगतची आहे. आपत्तीनंतर शिकारी छावणीच्या कडेला, रुग्णालयाच्या दारात, अन्नवाटपाच्या रांगेशी असतो, कारण एकटे मूल तिथेच सापडते.

मराठी वाचकाला हे हैतीइतक्या दूर जाऊन समजून घ्यावे लागत नाही. पंडिता रमाबाईंचे आई-वडील दुष्काळाच्याच काळात वारले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. तिथल्या मदत छावण्यांत आणि गरीबखान्यांत निराधार मुलींकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते, हे पाहून त्या हादरल्या आणि त्यांनी ते लिहून जाहीर केले. भुकेइतकाच मोठा धोका भुकेल्यांभोवती वावरणाऱ्या माणसांचा असतो, हे त्यांनी ओळखले होते. शेकडो मुलींना त्यांनी पुण्याजवळ केडगावला आणले आणि मुक्ती सदन उभे राहिले. पुढे याच रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे वेचली. आठवी ओवी भाषांतरित करताना त्यांना गरीबखान्याचे दार दिसले नसेल, असे मला वाटत नाही.

पण या तीन ओव्या दुर्जनापुरत्या ठेवून वाचता येत नाहीत. २९ जानेवारी २०१० रोजी, भूकंपाला तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, दहा अमेरिकी बॅप्टिस्ट स्वयंसेवकांना डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या सीमेवर अडवण्यात आले. त्यांच्या बसमध्ये ३३ मुले होती, त्यांत तान्ही बाळेही होती. देशाबाहेर नेण्यासाठी लागणारी कागदपत्रे नव्हती. अनाथांना वाचवत आहोत, अशी त्या गटाची धारणा होती. चौकशीत दिसले ते वेगळेच. त्यांतल्या बहुतेक मुलांचे आई-वडील, निदान दोघांपैकी एक तरी, जिवंत होते, आणि पुष्कळांनी चांगल्या भविष्याच्या आशेने मुले स्वतःहून सोपवली होती. अपहरणाचा आरोप टिकला नाही. गटप्रमुख महिलेला बेकायदा प्रवासाची व्यवस्था केल्याबद्दल दोषी ठरवून, तुरुंगात काढलेले दिवस हीच शिक्षा धरून, मे महिन्यात सोडण्यात आले.

त्या स्वयंसेवकांना दहाव्या ओवीतले शिकारी म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही मुलाच्या जागी उभे राहून पाहा. अनोळखी माणसे आली, मोठ्यांशी काही बोलली, बसमध्ये बसवले, बस निघाली. नेणाऱ्याचा हेतू चांगला आहे की वाईट, हे मुलाला कळण्याचा मार्ग नव्हता, सीमेवरच्या पहारेकऱ्यालाही नव्हता. दयाळू माणूस आणि मुलांचा व्यापार करणारा एकाच आडवाटेने जाऊ लागले, की ती वाट बंद करता येत नाही. म्हणून कागदपत्रे, चौकशी आणि परवानगी यांत सद्हेतूचा अपमान नाही. सद्हेतू असलेल्या माणसाने त्यांचा आग्रह सर्वांच्या आधी धरला पाहिजे.

ओवी ११ : देव विसरला, असे म्हणणारा

देव विसरला आहे, तो कधी पाहणारच नाही, या भरवशावर दुर्जन चालतो. आपत्तीत या भरवशाला ठोस आधार मिळतो, कारण नोंद राहिलेली नसते. ज्याची नोंद नाही ते मूल नाहीसे झाले तरी कोणाच्या हिशोबात येत नाही. म्हणून मुलाचे नाव लिहून घेणे हे पहिले संरक्षण आहे. लहान मुलाला पत्ता सांगता येत नाही, पण घरी त्याला काय म्हणतात, बाजार कुठे भरतो, रविवारी कोणत्या देवळात जातात, कोणती भावंडे आहेत, हे ते सांगते. ते जसेच्या तसे टिपणे, ते कुठे सापडले आणि कोणासोबत होते हे लिहिणे, भावंडांना वेगळे न करणे: हे काम साधे दिसते, पण अकराव्या ओवीतल्या माणसाचा भरवसा याच कामाने खोटा पडतो.

ओव्या १२ आणि १३ : उठण्याची विनवणी

विस्कटलेला वर्णक्रम इथे पुन्हा लागतो. देवाने उठावे, हात उगारावा आणि दीनांना विसरू नये, अशी प्रार्थना आहे. प्रार्थनेपासून व्यवस्था पुन्हा सुरू होते, हे ख्रिस्ती वाचकाला पटेल. पण जे देवाजवळ मागायचे ते आपणही करायचे, असाही तिचा अर्थ आहे. दीनांना विसरू नको असे म्हणणाऱ्या मंडळीने मदतीची पहिली लाट ओसरल्यावर स्वतः विसरून चालत नाही.

ओवी १४ : असहाय स्वतःला कोणाच्या हाती सोपवतो

देवाने पाहिले आहे, तो दुःखाची दखल घेतो, आणि असहाय माणूस स्वतःला त्याच्या हाती सोपवतो. यातून एक मर्यादा निघते. मूल सोपवले गेले आहे ते देवाच्या हाती, म्हणून मंडळी त्याची विश्वस्त आहे, मालक नाही. विश्वस्ताला हिशोब द्यावा लागतो.

देव अनाथाला कशी मदत करतो, याचे नियमशास्त्रातले चित्र अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. कापणीत विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नये, जैतुनाची फांदी दुसऱ्यांदा झोडपू नये, द्राक्षमळा पुन्हा वेचू नये. उरलेले परक्याचे, अनाथाचे आणि विधवेचे. या योजनेत अनाथाला गावाबाहेर नेलेले नाही. तो आपल्याच गावच्या शेतात येतो आणि त्याच्या शेजारी विधवा वेचत असते. आई आणि मूल एकाच बांधावर राहतील अशी ही मदत आहे.

हैतीत याच्या उलट घडत आले. भूकंपाआधीही तिथल्या अनाथालयांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात होते. गरिबीने त्यांना तिथे पोहोचवले होते, आणि परदेशी देणग्यांवर संस्था चालत होत्या, त्यांत चर्चच्या देणग्या मोठ्या होत्या. खाटेसाठी पैसे मिळत असतील तर खाट भरली जाते. तोच पैसा आईच्या हाती, घराच्या छपरासाठी, शाळेच्या फीसाठी पोहोचला, तर मूल अनाथालयात जातच नाही. एकट्या पडलेल्या मुलांविषयी आंतरराष्ट्रीय संस्थांनी २००४ मध्ये मिळून केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचा गाभाही हाच आहे: आधी कुटुंब शोधा, शोध चालू असताना मूल देशाबाहेर दत्तक देऊ नका. ती तत्त्वे करणाऱ्यांत युनिसेफ आणि रेडक्रॉसबरोबर वर्ल्ड व्हिजन ही ख्रिस्ती संस्थाही होती.

इथे दत्तकपणाचा प्रश्न येतो. पौलाच्या पत्रांत विश्वासणाऱ्याला देवाने दत्तक घेतले आहे, ही शिकवण फार मोलाची आहे, आणि तिच्या प्रेरणेने कित्येक ख्रिस्ती कुटुंबांनी परक्या मुलांना आपले मानले. ज्या मुलाचे खरोखर कोणी उरले नाही त्याला घर मिळणे ही कृपाच आहे. पण पौलाच्या चित्रात गुलाम मुक्त होऊन पुत्र होतो. कोणा आईच्या मांडीवरून मूल उचललेले त्यात नाही. या शिकवणीच्या आधारे घाई करणारा शिकवणीचा अर्धाच भाग घेतो.

ओवी १५ : दुर्जनाचा हात मोडणे

दुष्टाचा हात मोडावा आणि त्याची दुष्टाई शोधून काढावी, अशी ही कठोर मागणी आहे. मंडळीने ती सूड म्हणून नव्हे, कायद्याची मागणी म्हणून वाचावी. हैतीने २०१३ मध्ये आंतरदेशीय दत्तकविधानाच्या हेग कराराला मान्यता दिली आणि मुले परदेशी पाठवण्यावर नियमांचा अंकुश आला. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार निराधार आढळलेले मूल २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे आणावे लागते. समिती आधी आई-वडिलांचा शोध घेते, मगच मूल दत्तकासाठी मोकळे ठरवते. पुराच्या किंवा भूकंपाच्या गावी गेलेल्या पाळकाला मुलांच्या मदतीचा १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आणि समितीचा पत्ता ठाऊक असणे हा त्याच्या सेवेचाच भाग आहे.

ओवी १६ : राजा कोण

परमेश्वर सर्वकाळ राजा आहे. ही ओवी लहान आहे, पण मदत करणाऱ्याला जागेवर ठेवते. भाकरी ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे सत्ता असते. आश्रयाला आलेल्या मुलाच्या श्रद्धेवर ती सत्ता वापरली, तर आपण राजाच्या आसनावर बसतो. उपाशी लेकराने आपली प्रार्थना म्हटली, एवढ्याने त्याचे मन बदलले असे समजू नये. सुवार्तेवर आपला विश्वास असेल तर तिला भुकेचा आधार लागत नाही. मूल ज्या धर्माचे, ज्या भाषेचे, ज्या गावचे, ती त्याची ओळख जपून ठेवणे हेही संरक्षण आहे.

ओव्या १७ आणि १८ : ऐकणे आणि न्याय

देव दीनांची इच्छा ऐकतो, असे म्हटल्यावर लगेच अनाथाच्या न्यायाची गोष्ट येते. हा क्रम महत्त्वाचा आहे: आधी ऐकणे, मग न्याय. मुलाला काय हवे आहे, ते कोणाची वाट पाहत आहे, हे न विचारता ठरवलेले त्याचे हित अपुरे राहते. स्तोत्राचा शेवट एका उद्देशाने होतो: मातीच्या माणसाने यापुढे कोणाला भय घालू नये.

हे भय संपवणे मंडळीच्या आवाक्यात आहे. निदान तिच्या बाजूने तरी ते संपले पाहिजे. तिच्या माणसांनी नाव लिहिल्याशिवाय कोणाचे लेकरू हलवू नये, आई शोधल्याशिवाय कोणाला अनाथ म्हणू नये, देणगीदारांसाठी रडत्या मुलाचे छायाचित्र काढू नये, आणि मूल आपल्या माणसांत परतल्यावरही त्या घराची वास्तपुस्त सोडू नये. चौदाव्या ओवीतली मदत अठराव्या ओवीतल्या न्यायाला पोहोचते ती अशा कामांनी, आणि आपत्तीनंतर ख्रिस्ताच्या नावाने जाणाऱ्याला त्याहून कमी काही करण्याची मुभा नाही.