बर्लिनची नाकेबंदी (१९४८-४९) : शीतयुद्धाच्या मर्यादांचा एक अभ्यास

प्रस्तावना :
दुसऱ्या महायुद्धात एकाच बाजूने लढलेली अमेरिका व सोव्हिएत रशिया ही राष्ट्रे युद्धसमाप्तीनंतर तीनच वर्षांत परस्परांसमोर उभी ठाकली. भांडवलशाही व साम्यवाद यांच्यातील या शीतयुद्धाची पहिली मोठी कसोटी बर्लिन शहरात लागली. प्रस्तुत लेखात या घटनेची कारणे व परिणाम पाहताना, दोन्ही महासत्ता प्रत्यक्ष युद्धापासून कोणत्या मर्यादेवर थांबल्या, याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
१९४५ मध्ये पराभूत जर्मनीचे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व सोव्हिएत रशिया यांच्या ताब्यातील चार विभाग करण्यात आले. राजधानी बर्लिन सोव्हिएत विभागात, पश्चिमेकडील विभागांच्या सीमेपासून सुमारे १६० कि.मी. आत होती, तिचेही चार भाग झाले. पश्चिमी राष्ट्रांना रस्ते व रेल्वेने बर्लिनला जाण्याचा हक्क देणारा स्पष्ट लेखी करार मात्र झाला नाही. केवळ हवाई वाहतुकीसाठी, अपघात टाळण्याच्या हेतूने, नोव्हेंबर १९४५ मध्ये प्रत्येकी ३२ कि.मी. रुंदीचे तीन मार्ग लेखी स्वरूपात मान्य झाले. त्या वेळी ही तांत्रिक वाटलेली बाब पुढे निर्णायक ठरली.

संघर्षाचे कारण :
एका पिढीत दोनदा जर्मनीशी लढलेल्या रशियास जर्मनी दुर्बल राहणे आवश्यक वाटत होते. उलट, जर्मन उद्योग सावरल्याविना पश्चिम युरोप सावरणार नाही, अशी अमेरिकेची धारणा होती. लंडन येथे पश्चिम जर्मनीच्या स्वतंत्र राज्याची चर्चा सुरू झाल्याने मार्शल सोकोलोव्स्की यांनी २० मार्च १९४८ रोजी चार राष्ट्रांच्या नियंत्रण मंडळातून सभात्याग केला. २० जून रोजी पश्चिमी विभागांत 'डॉइश मार्क' हे नवे चलन आले. ते पश्चिम बर्लिनमध्येही आणण्याचे ठरताच २४ जून रोजी रशियाने शहराकडे येणारे रस्ते, रेल्वे व जलमार्ग बंद केले. वीस लाखांहून अधिक लोकांचा अन्न व कोळशाचा पुरवठा थांबला.

हवाई पुरवठा :
जनरल ल्युशियस क्ले यांनी सशस्त्र ताफा रस्त्याने पाठविण्याचा प्रस्ताव मांडला. त्यातून युद्ध पेटण्याचा धोका ओळखून अध्यक्ष ट्रूमन यांनी तो स्वीकारला नाही व विमानांनी रसद पोहोचविण्याचा मार्ग पत्करला. टेम्पलहॉफ व गॅटो हे विमानतळ अपुरे पडल्याने टेगेल येथे हजारो बर्लिनवासीयांच्या श्रमातून नवा विमानतळ काही महिन्यांत उभा राहिला. वाहून नेलेल्या मालात सर्वांत मोठा वाटा कोळशाचा होता. सुमारे २ लाख ७७ हजार उड्डाणांद्वारे २३ लाख टनांच्या आसपास माल पोहोचला. अपघातांत अनेक वैमानिक व कर्मचारी मृत्युमुखी पडले.

येथे एक बाब विशेष लक्षणीय आहे. बर्लिनमधील चार राष्ट्रांच्या हवाई सुरक्षा केंद्रात सोव्हिएत अधिकारी नाकेबंदीच्या काळातही काम करीत राहिले. विमानांना त्रास देण्याचे प्रकार घडले, परंतु ती पाडण्यात आली नाहीत. अमेरिकेकडील अणुबॉम्बची भीती यामागे होतीच. तथापि केवळ भीतीने ही मर्यादा स्पष्ट होत नाही. रस्ता अडविणे हे लेखी कराराअभावी वादाचा मुद्दा ठरू शकत होते, विमान पाडणे हे मात्र उघड आक्रमण ठरले असते. पहिली गोळी झाडण्याची जबाबदारी कोणत्याही पक्षास नको होती.

परिणाम व निष्कर्ष :
१२ मे १९४९ रोजी नाकेबंदी उठली. ज्या गोष्टी टाळण्यासाठी ती लादली गेली, त्याच तिच्यामुळे अधिक वेगाने घडल्या. ४ एप्रिल १९४९ रोजी नाटो करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. मे महिन्यात पश्चिम जर्मनीचे व ७ ऑक्टोबर रोजी पूर्व जर्मनीचे राज्य स्थापन झाले. युद्ध टळले, परंतु त्याची किंमत जर्मन जनतेने १९९० पर्यंतच्या फाळणीच्या रूपाने मोजली. महासत्तांमधील स्पर्धा विचारसरणीतून जन्मली असली, तरी ती युद्धात परिवर्तित न होण्यास १९४५ चा एक साधा, दुर्लक्षित करार साहाय्यभूत ठरला. मैत्रीच्या काळात लेखी स्वरूपात ठरविलेले नियम वैराच्या काळात उपयोगी पडतात, हाच या घटनेचा बोध होय.