मुलांची मिरगी आणि जनुके : ड्रावे सिंड्रोम समजून घेऊ या

तापात बाळाला आकडी आली की घर हादरते. अशा बहुतेक आकड्या वयाबरोबर थांबतात. पण वर्षाच्या आतच सुरू झालेल्या आकड्या पुन्हा पुन्हा येत असतील, लांबत असतील, कधी शरीराच्या एकाच बाजूला झटके येत असतील, तर ड्रावे सिंड्रोमची शंका घ्यावी लागते.

फ्रान्सच्या डॉक्टर शार्लोट ड्रावे यांनी १९७८ मध्ये या आजाराचे वर्णन केले. २००१ मध्ये कारण सापडले : एससीएन१ए या जनुकातील बिघाड. मेंदूच्या पेशींत सोडियम आत सोडणारी जी ‘दारे’ असतात, त्यांपैकी एक या जनुकावरून बनते. ती कमी पडली की मेंदूला लगाम घालणाऱ्या पेशीच ढिल्या होतात आणि झटके येतात. पहिल्या वर्षी बाळाची वाढ ठीक दिसते. दुसऱ्या वर्षापासून बोलणे, चालणे, शिकणे मागे पडू लागते. पुढे शाळेत अशा मुलांना ‘मंद’ म्हणून मागच्या बाकावर बसवलेले आम्ही पाहतो.

निदान का महत्त्वाचे? कारण कार्बामाझेपिन, फेनिटोइन, लॅमोट्रिजिन ही मिरगीची नेहमीची औषधे सोडियमची दारे आणखी बंद करतात आणि ड्रावेत आकड्या वाढू शकतात. इथे व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम अशी औषधे वापरतात. मात्र डॉक्टरांना न विचारता कोणतीही गोळी बंद करू नका.

दोष कुणाचा? बहुतेक वेळा हा बदल बाळातच नव्याने झालेला असतो. अम्मीच्या घराण्याला बोल लावणे चूक आहे, आणि नजर लागल्यानेही हे होत नाही.

काही आजार मात्र वेगळे. पायरिडॉक्सिनवर अवलंबून असलेल्या मिरगीत आई-वडील दोघेही निरोगी वाहक असतात; प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के. चुलत-मामे नात्यातील निकाहात असा योग जास्त जुळतो. या बाळांच्या आकड्या बी-६ जीवनसत्त्वाने आटोक्यात येतात, म्हणून लवकर ओळखणे गरजेचे.

आकडी आल्यास मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांपेक्षा लांबली तर थेट दवाखाना गाठा. जमल्यास मोबाईलवर व्हिडिओ घ्या. मेंदूविकार तज्ज्ञांना तो फार उपयोगी पडतो. त्यांना जनुक तपासणीबद्दल विचारा, आणि पुढच्या बाळाआधी अनुवंशशास्त्राच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.