परदेशात दोन महिन्यांसाठी जुनी गाडी : न्यूझीलंडचा हिशेब

परदेशी सहलीत गाडी भाड्याने घेणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. मात्र मुक्काम लांबला, की भाड्याचा आकडा विमानाच्या तिकिटालाही मागे टाकतो. त्यामुळे स्वस्तातली जुनी गाडी विकत घ्यायची, महिना-दोन महिने वापरायची आणि परतताना विकून टाकायची, हा मार्ग अनेक तरुण पर्यटक पत्करतात. ही पद्धत सर्वाधिक रुळलेल्या देशांत न्यूझीलंडची गणना होते. तेथे शिकणाऱ्या वा स्थायिक झालेल्या मुलांकडे दोन-तीन महिन्यांसाठी जाणाऱ्या महाराष्ट्रातील पालकांपुढेही हा पर्याय असतो. व्यवहार सरळ असला, तरी एखादी चौकशी राहून गेल्यास गाडीही जाते आणि पैसेही जातात.

न्यूझीलंडच का?

भारताप्रमाणेच न्यूझीलंडमध्ये वाहने डाव्या बाजूने चालतात आणि सुकाणू उजवीकडे असते. इंग्रजी मजकूर असलेला भारतीय वाहन परवाना छोट्या मुक्कामासाठी पुरेसा ठरतो. परवाना केवळ मराठीत असल्यास मान्यताप्राप्त इंग्रजी भाषांतर जवळ बाळगावे लागते.

जुन्या गाड्यांची मुबलकता हे दुसरे कारण. १९८०च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडने वापरलेल्या गाड्यांच्या आयातीवरील निर्बंध सैल केले. जपानमध्ये गाडी जुनी होत जाते, तशी ती बाळगणे तेथील सक्तीच्या तपासणीमुळे खर्चिक होते. त्यामुळे सुस्थितीतील जपानी गाड्या मोठ्या संख्येने न्यूझीलंडच्या बंदरांत उतरू लागल्या. स्पर्धेपुढे स्थानिक जुळणी कारखान्यांचा टिकाव लागला नाही आणि १९९८ मध्ये अखेरचे कारखाने बंद झाले. टोयोटा कोरोला, माझदा डेमिओ, सुबारू लेगसी यांसारख्या गाड्या तेव्हापासून रस्तोरस्ती दिसतात. त्यांचे सुटे भाग सहज मिळतात आणि कोणत्याही गावातील मेकॅनिकला त्या परिचयाच्या असतात. स्वस्त गाडीच्या बाबतीत हा गुण मोलाचा आहे. दुर्मीळ युरोपीय गाडी कितीही स्वस्त मिळाली, तरी तिचा एखादा भाग येईपर्यंत सहल संपून जाते.

आधी आकडेमोड

गाडी विकत घेणे नेहमीच स्वस्त पडते, हा समज चुकीचा आहे. एक नमुना हिशेब पाहावा. समजा, गाडी ३,००० न्यूझीलंड डॉलरला घेतली आणि २,००० डॉलरला विकली, तर १,००० डॉलरची घट झाली. तज्ज्ञाकडून तपासणीचे २००, विम्याचे २००, प्रमाणपत्र व परवाना शुल्काचे १५० आणि किरकोळ दुरुस्तीचे ४०० डॉलर धरले, तर एकूण खर्च १,९५० डॉलर होतो. तशीच गाडी दिवसाला ५० डॉलर भाड्याने मिळत असेल, तर हा खर्च ३९ दिवसांच्या भाड्याइतका आहे. म्हणजे तीन आठवड्यांच्या सहलीसाठी भाड्याचीच गाडी परवडते, तर दोन महिन्यांसाठी विकत घेतलेली. ऐन हंगामात भाडे चढे असते, तेव्हा हा समतोल लवकर साधतो.

या हिशेबात वेळ धरलेला नाही. गाडी शोधण्यात आणि पुढे विकण्यात मिळून आठ-दहा दिवस सहज जातात. भाड्याची गाडी बंद पडल्यास दुसरी मिळण्याची सोय असते, स्वतःच्या गाडीची जबाबदारी मात्र स्वतःचीच.

विक्रेता कोण, यावर हक्क अवलंबून

गाडी मिळण्याचे मुख्य मार्ग तीन : नोंदणीकृत विक्रेता, लिलाव आणि खासगी मालक. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रेड मी’ या संकेतस्थळावर सर्व प्रकारच्या जाहिराती असतात. पर्यटकांच्या वसतिगृहांतील सूचना फलकांवरही परतीच्या वाटेवरील प्रवाशांच्या गाड्या झळकतात.

खासगी व्यवहारात किंमत कमी असते, पण संरक्षणही कमी असते. व्यावसायिक विक्रेत्याला १९९३ चा ग्राहक हमी कायदा लागू होतो. विक्रीस ठेवलेल्या गाडीवर तिची माहिती देणारे पत्रक लावणे त्याला बंधनकारक आहे आणि तक्रारीसाठी स्वतंत्र वाहन तंटा लवादही आहे. खासगी मालकाकडून घेतलेल्या गाडीला ही हमी नाही.

वर्षभरात सहाहून अधिक गाड्या विकणाऱ्यास कायदा व्यापारी मानतो आणि त्याने नोंदणी करणे अपेक्षित असते. काही जण ती टाळून खासगी मालक असल्याचे भासवतात. विक्रेत्याचे नाव आणि गाडीच्या नोंदणीतील नाव जुळत नसेल, एकाच दूरध्वनी क्रमांकावर अनेक गाड्यांच्या जाहिराती असतील किंवा भेट घरी न देता वाहनतळावर ठरत असेल, तर सावध झालेले बरे.

‘वॉरंट ऑफ फिटनेस’चा खरा अर्थ

प्रत्येक गाडीला ठरावीक मुदतीने ‘वॉरंट ऑफ फिटनेस’ हे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याचा स्टिकर पुढच्या काचेवर असतो. विक्रीच्या वेळी हे प्रमाणपत्र एक महिन्याहून जुने नसावे, असा नियम आहे. ‘आहे त्या स्थितीत’ गाडी घेत असल्याचे खरेदीदाराने लेखी मान्य केले, तरच त्याला अपवाद होतो. या अटीवर स्वस्तात मिळणारी गाडी पर्यटकाने टाळावी. प्रमाणपत्रासाठी ऐनवेळी निघणारे वेल्डिंगचे वा ब्रेकचे काम गाडीच्या किमतीएवढे होऊ शकते.

हे प्रमाणपत्र केवळ सुरक्षिततेचे असते. ब्रेक, टायर, दिवे, सुकाणू, सीटबेल्ट, काच आणि सांगाड्याचा गंज त्यात पाहिला जातो. टायरची नक्षी किमान दीड मिलिमीटर खोल असावी लागते. मात्र इंजिन किती दिवस टिकेल किंवा गिअरबॉक्स कोणत्या अवस्थेत आहे, हे त्यात तपासले जात नाही. त्यामुळे कालच प्रमाणपत्र मिळालेली गाडी उद्या घाटात बंद पडू शकते आणि त्याबद्दल कुणालाही जाब विचारता येत नाही.

गाडीवर कर्ज आहे का?

सर्वांत मोठा धोका येथे आहे. न्यूझीलंडमध्ये नोंदणी पुस्तकातील नाव म्हणजे कायदेशीर मालकीचा पुरावा नव्हे. ती व्यक्ती वाहनासाठी जबाबदार आहे, एवढेच त्यातून कळते. आधीच्या मालकाने गाडी तारण ठेवून कर्ज घेतले असेल आणि खासगी व्यवहारात ती विकली असेल, तर कर्ज देणारी संस्था नव्या मालकाच्या दारातून ती उचलून नेऊ शकते. खरेदीदाराने पूर्ण पैसे मोजलेले असले, तरी गाडी जाते आणि पैसे परत मिळवण्यासाठी जुन्या मालकाच्या मागे लागावे लागते. परतीचे तिकीट हाती असलेल्या पर्यटकाला ते जवळपास अशक्यच असते.

यावर उपाय सोपा आहे. तारण कर्जांची सरकारी नोंदवही ‘पीपीएसआर’ या नावाने ओळखली जाते. गाडीचा नोंदणी क्रमांक आणि चासी क्रमांक देऊन नाममात्र शुल्कात ती ऑनलाइन पाहता येते. पैसे देण्याच्या दिवशीच ही चौकशी करावी, आठवडाभर आधीची चौकशी पुरेशी नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घेतलेल्या गाडीच्या बाबतीत मात्र सामान्यतः जुन्या कर्जाचा बोजा खरेदीदारावर येत नाही. चोरीच्या वाहनांची यादी पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहता येते.

मेकॅनिकची नजर

‘एए’ आणि ‘व्हीटीएनझेड’ यांसारख्या संस्था खरेदीपूर्व तपासणी करून लेखी अहवाल देतात. विक्रेता तपासणीस तयार नसेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा. तत्पूर्वी काही गोष्टी स्वतःलाही पाहता येतात. इंजिन थंड असतानाच गाडी सुरू करून पाहावी. आधीच तापवून ठेवलेले इंजिन अनेक दोष झाकते. कूलंटमध्ये तेलाचा तवंग किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साका दिसल्यास हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. एक्झॉस्टमधून येणारा निळसर धूर इंजिन ऑइल जाळत असल्याचे सांगतो. दाराखालचे पत्रे आणि चाकांवरील कमानी गंजासाठी चाचपाव्यात, समुद्रकिनारी वापरलेल्या गाडीत तर अवश्य. टायमिंग बेल्ट कधी बदलला, याची पावती मागावी. अनेक इंजिनांत तो साधारण एक लाख किलोमीटरला बदलावा लागतो आणि तुटल्यास इंजिनच निकामी होऊ शकते. स्टेपनी, जॅक आणि पाना जागेवर आहेत ना, हेही पाहावे.

मालकी बदल काही मिनिटांत

महाराष्ट्रात गाडी विकताना फॉर्म २९ व ३०, परराज्यात नेताना ‘ना हरकत’ प्रमाणपत्र आणि आरटीओच्या फेऱ्या ठरलेल्या. न्यूझीलंडमध्ये देशभर एकच नोंदवही आहे. ऑकलंडला घेतलेली गाडी क्राइस्टचर्चला विकताना वेगळी परवानगी लागत नाही. विक्रेता आणि खरेदीदार या दोघांनीही व्यवहार कळवायचा असतो. ते टपाल कार्यालयात वा अधिकृत तपासणी केंद्रावर करता येते. पासपोर्ट आणि स्थानिक पत्ता सोबत असावा.

‘रेगो’ या नावाने ओळखला जाणारा वाहन परवाना गाडीसोबतच जातो. तो तीन महिन्यांसाठीही भरता येतो. मात्र वर्षभराहून अधिक काळ तो भरलेला नसल्यास गाडीची नोंदणीच रद्द होऊ शकते आणि पुन्हा नोंदणी करणे खर्चिक असते. गोठ्यात वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या स्वस्त गाडीमागचे रहस्य बहुधा हेच असते.

डिझेल गाडी घेताना आणखी एक खर्च ध्यानात घ्यावा. तेथे डिझेलच्या दरात रस्ते कर नसतो. तो प्रत्येकी १,००० किलोमीटरच्या हिशेबाने आगाऊ भरावा लागतो. काचेवरील पावतीवरचा आकडा आणि गाडीचे मीटर यांची तुलना करावी. मीटर पुढे गेले असल्यास थकबाकी नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते.

विमा ऐच्छिक, धोका मात्र खरा

भारतात ‘थर्ड पार्टी’ विमा सक्तीचा आहे, न्यूझीलंडमध्ये नाही. १९७४ पासून तेथे ‘एसीसी’ ही सरकारी अपघात भरपाई योजना लागू असून अपघातात जखमी झालेल्या परदेशी पर्यटकाच्या उपचारांचा खर्चही तिच्या कक्षेत येतो. त्यामुळे विम्याची गरज नाही, असा गैरसमज होतो. ही योजना शारीरिक इजेपुरती आहे. दुसऱ्याच्या महागड्या गाडीचे नुकसान झाले, तर भरपाई चालकालाच द्यावी लागते. स्वतःच्या ३,००० डॉलरच्या गाडीचा विमा एकवेळ नाही उतरवला तरी चालेल, पण इतरांच्या मालमत्तेचा विमा अवश्य घ्यावा. आजारपण वा रद्द झालेले तिकीट यांसाठी प्रवास विमाही वेगळा लागतो.

मागे गादी टाकलेली व्हॅन घेऊन कोठेही मुक्काम करता येईल, हा भ्रमही महागात पडतो. सार्वजनिक जागी गाडीत मुक्काम करण्यावर २०११ च्या कायद्याने मर्यादा आहेत. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘स्वयंपूर्ण’ प्रमाणपत्रासाठी गाडीत पक्के बसवलेले शौचालय आवश्यक ठरले. सुटे शौचालय दाखवून मिळालेल्या जुन्या निळ्या स्टिकरवर विसंबून जादा किंमत मोजू नये.

विक्री : सहलीचा सर्वांत अवघड टप्पा

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, उन्हाळ्याच्या तोंडावर, ऑकलंडमध्ये सारेच गाडी शोधत असतात. मार्च-एप्रिलमध्ये क्राइस्टचर्चमध्ये सारेच विकत असतात. घेताना चढा भाव आणि विकताना पडता भाव, असा हा पेच आहे. ज्याचे विमान परवा आहे, त्याची अडचण खरेदीदाराला बरोबर कळते. म्हणून शेवटचे दहा दिवस एका मोठ्या शहरात काढावेत आणि जाहिरात त्याही आधी द्यावी. विक्रीपूर्वी नवे ‘वॉरंट’ काढल्यास गाडी लवकर जाते. काही विक्रेते ती परत घेण्याचे आश्वासन देतात. त्याची किंमत, मुदत आणि गाडीच्या स्थितीबाबतच्या अटी कागदावर असतील, तरच त्याला अर्थ आहे.

विक्रीनंतर मालकी बदल कळवल्याशिवाय विमानतळ गाठू नये. ऑकलंडच्या उत्तरेकडील महामार्गासारख्या टोल रस्त्यांवर नाके नसतात. कॅमेरा क्रमांक टिपतो आणि पैसे पाच दिवसांत भरायचे असतात. नाव बदललेले नसेल, तर नव्या मालकाचे टोल आणि दंड जुन्याच्याच नावावर चढतात.

विक्रीची रक्कम घेऊन निघताना १०,००० न्यूझीलंड डॉलर वा त्याहून अधिक रोकड असल्यास सीमाशुल्क विभागाला कळवावे लागते. भारतात परतल्यावर उरलेले परकीय चलन १८० दिवसांत अधिकृत चलन विक्रेत्याकडे किंवा बँकेत जमा करावे, असा नियम आहे. २,००० अमेरिकी डॉलरपर्यंतची रक्कम पुढील प्रवासासाठी जवळ ठेवता येते.

ऑस्ट्रेलियात नियम वेगळे

शेजारच्या ऑस्ट्रेलियात हीच पद्धत रूढ असली, तरी तेथे नोंदणी राज्यनिहाय असते. एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात विकणे किचकट ठरते आणि विक्रीपूर्व तपासणीचे नियमही राज्यागणिक बदलतात. त्यामुळे सहल जेथे संपणार, त्याच राज्याची नोंदणी असलेली गाडी घेणे तेथे शहाणपणाचे मानले जाते.

थोडक्यात महत्त्वाचे

* मुक्काम महिन्याहून कमी असेल, तर भाड्याचीच गाडी पाहावी.
* ‘वॉरंट’ एक महिन्याच्या आतील असावे. इंजिनची तपासणी स्वतंत्रपणे करून घ्यावी.
* कर्जाची चौकशी पैसे देण्याच्या दिवशीच करावी.
* डिझेल गाडीचा रस्ते कर कुठवर भरला आहे, ते पाहावे.
* इतरांच्या मालमत्तेचा विमा टाळू नये.
* विक्रीसाठी दहा दिवस राखून ठेवावेत आणि मालकी बदलाची पावती सोबत आणावी.
* गाडी मुळीच विकली गेली नाही, तरी झेपेल एवढीच रक्कम तिच्यात गुंतवावी.