पाण्याचा अर्धा तास

ओमान म्हटले की मराठी वाचकाला मस्कत आठवते. आखातात नोकरीला गेलेला एखादा नातेवाईक आठवतो, नाहीतर बाजारात त्या नावाने येणारे डाळिंब. इतिहासाची आवड असलेल्याला वसईही आठवेल. १६७४ मध्ये मस्कतचे अरब वसईच्या किनाऱ्यावर उतरले आणि कोटाबाहेरची चर्च त्यांनी लुटली. आपल्याकडच्या इतिहासात ओमानी माणूस भेटतो तो बहुधा असा, जहाजावरून उतरणारा. ती जहाजे ज्या देशातून निघत तो देश मात्र डोंगराच्या आडोशाला, समुद्राकडे पाठ करून वसलेला होता, आणि तो जगला फलजवर. फलज म्हणजे पाण्याचा पाट, अनेकवचन अफलाज.

नकाशा पाहा. उत्तरेला हजर पर्वताची रांग, तिचे सर्वांत उंच शिखर सुमारे ३,००० मीटर. पलीकडे पश्चिमेला रुब अल् खाली हे अफाट वाळवंट. देशात सरासरी पाऊस वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्या माणदेशात याच्या चौपट तरी पडतो आणि त्याला आपण दुष्काळी म्हणतो. नझवा, इझकी, रुस्ताक ही जुनी गावे उभी राहिली ती डोंगरातल्या पाझराच्या बळावर.

फलजचे तीन प्रकार. ओढ्याचे वाहते पाणी वळवून आणले तर तो घैली, झऱ्याचे आणले तर ऐनी, आणि जमिनीच्या पोटातून भुयार खणून आणले तर दाऊदी. नाव दाऊदपुत्र सुलेमानावरून पडले. तो या प्रदेशात आला आणि त्याने जिनांकडून दहा दिवसांत दहा हजार पाट खणवून घेतले, अशी लोककथा आहे. खरी कृती जिनांना शोभेल अशीच आहे. डोंगराच्या पायथ्याला पाणी लागेपर्यंत एक विहीर खणायची. ती मूळ विहीर. तिथून गावाच्या दिशेने भुयार न्यायचे, इतक्या हलक्या उताराचे की पाणी वाहील पण माती कापणार नाही. ठराविक अंतरावर उभी विवरे पाडायची; त्यांतून माती वर येते, हवा खाली जाते. काही किलोमीटर गेल्यावर भुयार गावाशी उघड्यावर येते आणि पाणी विनायंत्र, विनामोट बागेत शिरते. मलिक अंबरने खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, आणलेली नहर ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नवे वाटू नये; ती याच कुळातली. हे भुयार खणणे ओमानात अवामिर जमातीचे खास कसब मानले जाई.

पण मला फलजचे खोदकाम तितके थक्क करत नाही, जितकी त्याची वाटणी करते. फलज या शब्दाच्या मुळाशीच विभागण्याचा अर्थ आहे. इथे पाणी घागरीत, इंचात मोजत नाहीत, वेळेत मोजतात. अर्ध्या तासाच्या पाण्याला म्हणतात एक अथर. असे चोवीस अथर म्हणजे एक बद्दा, अर्धा दिवस. कुणाकडे चार अथर, कुणाकडे अर्धाच. पाणी आटले तर सगळ्यांचेच आटते, कारण तास तेवढेच राहतात आणि धार बारीक होते. अथर विकता येतो, वारशाने मिळतो, मशिदीला वक्फ देता येतो. काही हिस्से खुद्द फलजच्या मालकीचे असतात. त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशातून गाळ काढायचा, पडलेले भुयार बांधायचे. कारभार पाहायला वकील, दारे धरायला आरिफ आणि हिशेब ठेवायला काबिद. हे सारे गावाने गावासाठी केलेले.

दिवसा वेळ मोजायची ती जमिनीत रोवलेल्या काठीच्या सावलीवरून. रात्री? रात्री तारे. ठराविक तारा डोंगराच्या कडेवर उगवला की एकाची पाळी संपली, दुसऱ्याची सुरू. काही गावांत त्यासाठी बसायची जागा आणि क्षितिजावरची खूणही ठरलेली. हॅरिएट नॅश या संशोधिकेने या शतकाच्या पहिल्या दशकात गावोगाव फिरून हे ज्ञान नोंदवले, तेव्हा ताऱ्यांवर पाणी देणारी गावे मोजकीच उरली होती. इतरांनी मनगटी घड्याळ कधीच स्वीकारले होते, आणि त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. थंडीच्या रात्री आभाळाकडे बघत बसणे हा काव्याचा विषय असतो तो न बसणाऱ्यांसाठी.

पाण्याचा क्रमही ठरलेला. भुयारातून बाहेर पडल्या जागी पिण्याचे पाणी भरायचे. पुढे मशीद, मग पुरुषांची व बायकांची न्हाणी, प्रेताला स्नान घालण्याची जागा. त्यानंतर खजूर, आणि शेवटी, उरले तर, हंगामी पिके. दुष्काळात सर्वांत आधी काय सोडायचे हे या क्रमातच ठरून गेलेले आहे.

ओमानच्या शत्रूंना हे नेमके कळले होते. ८९३ मध्ये अब्बासी खलिफाचा सुभेदार मुहम्मद बिन नूर सैन्य घेऊन आला. ओमानी बखरी सांगतात की त्याने लोकांचे हात-कान कापले, ग्रंथ जाळले आणि फलज बुजवले. लोकांनी त्याच्या नावातला ‘नूर’ म्हणजे प्रकाश काढून ‘बूर’ म्हणजे पडीक हा शब्द घातला. तलवारीने मेलेल्यांची जागा पुढची पिढी भरून काढते. बुजलेल्या भुयारामागून गाव उठून जाते.

उलट बाजूही बखरींतच आहे. १६५० मध्ये यारुबी इमाम सुलतान बिन सैफने पोर्तुगीजांकडून मस्कत घेतले. त्याचा मुलगा सैफ बिन सुलतान याने १६९८ मध्ये मोंबासाचा फोर्ट जीझस जिंकला. पण ओमानी लोकांनी त्याला किताब दिला तो ‘कैद अल्-अर्द’, भूमीला बांधून ठेवणारा. त्याने सतरा फलज खणले वा दुरुस्त केले, बरका भागात ३०,००० खजूर आणि ६,००० नारळ लावले, असे सांगतात. वसईवर उतरलेल्या जहाजांचा हा काळ. समुद्रावरून आलेला पैसा भुयारात आणि बागेत मुरला. त्याच बखरीत त्याच्या पदरच्या शेकडो गुलामांचीही नोंद आहे. किताबाचे कौतुक करताना ही ओळ गाळून चालणार नाही.

१९५७ नंतरच्या जबल अख्दरच्या लढाईत इमाम गालिबच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डोंगरी गावांचे पाट आणि बागा ब्रिटिश विमानांनी लक्ष्य केल्या. साडेदहा शतकांनंतर तीच युक्ती, फक्त वरून.

तरीही फलज टिकले. आज सुमारे ३,००० वाहते आहेत. त्यांतले पाच, नझवाचा दारिस, बिरकत अल् मौझचा खत्मैन, इझकीचा मलकी, रुस्ताकचा मुयस्सर आणि सूर भागातला जीला, २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. खत्मैनचे पाणी एका ठिकाणी तीन सारख्या पाटांत विभागते. ते पाहायला पर्यटक थांबतात.

आता फलजला धोका आहे तो पंपाचा. १९७० नंतर तेलाचा पैसा आला, रस्ते झाले, विजेच्या मोटारी आल्या. फलज फक्त तेवढेच पाणी घेतो जेवढे आपल्या वजनाने उतरते. पंप पातळीच खाली खेचतो. इस्लामी कायद्यात फलजभोवती ‘हरीम’ असतो, त्या टापूत दुसऱ्याने विहीर खणायची नाही. तो नियम फावडे-कुदळीच्या काळातला, खोल नलिकाकूप त्याच्या बाहेर राहूनही त्याचे पाणी ओढू शकतो. आपल्याकडच्या बागायती गावांतल्या विंधनविहिरींची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचे सांगायला नको. शिवाय अथराचा मालक मस्कतला कचेरीत असतो आणि त्याच्या बागेत दारे धरतो तो बहुतेकदा भारतातून किंवा बांगलादेशातून आलेला मजूर. गाळ काढायला भुयारात उतरणारी माणसे मिळेनाशी होत आहेत.

१९८८ मध्ये सुलतानाच्या फर्मानाने पाणी ही राष्ट्रीय संपत्ती ठरली आणि विहिरींवर परवान्याचे बंधन आले. अथर मात्र अजून माणसांच्याच नावावर आहेत आणि फलजच्या हिश्शाचे लिलाव गावात अजून होतात. किती पाणी विकत घेतले असे तिथे विचारले, तर उत्तर तासातच मिळते.